उंबरठ्यापलीकडचे शेजारी

पाठशाळेत जाणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या कोणत्याही मुलाला विचारावे, दोन इंद्रियांचे जीव कोणते? तो क्षणात सांगेल : शंख, शिंपला, गांडूळ. तीन इंद्रियांचे? मुंगी, ढेकूण. चार इंद्रियांचे? माशी, भुंगा, डास. पाठ चोख असतो. मग त्याच मुलाला घराच्या गॅलरीत उभे करावे आणि समोरच्या झाडावर बसलेल्या हिरव्या पक्ष्याचे नाव विचारावे. बहुधा तो आपल्या तोंडाकडे पाहील आणि आपण दुसरीकडे पाहू.

जीवदयेचा संस्कार आपल्या घरांत मुद्दाम शिकवावा लागत नाही. पाणी गाळून घेणारी आजी, वाटेतली मुंग्यांची रांग ओलांडून जाणारे आजोबा, धान्य निवडताना सापडलेला किडा अलगद बाहेर नेऊन सोडणारी आई यांना पाहतच मूल मोठे होते. तथापि, ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याचा दिनक्रम कधी पाहिलेला नाही, त्याच्यावर दया करता येत असली तरी त्याच्याशी स्नेह जुळत नाही. स्नेह नसला की दया हळूहळू रिवाज होते. शहरातल्या घरांत आज हाच धोका आहे. सुदैवाने त्यावरचा उपाय आनंदाचा आहे. त्यासाठी कोठे जावे लागत नाही आणि काही विकत आणावे लागत नाही. खिडकी उघडून थोडा वेळ स्वस्थ बसावे लागते.

पहाटेचा क्रम

पुण्याचेच उदाहरण घेऊ. रविवार पेठ, नाना पेठ, भवानी पेठ येथील वाड्यांतून आपली कित्येक कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांत बिबवेवाडी, गुलटेकडी, कोंढवा या भागांतील सदनिकांत राहावयास आली. वाड्यातील अंगण गेले, आड गेला. त्याबरोबर निसर्गही गेला, अशी आपली समजूत झाली. ती पूर्णपणे खरी नाही. चैत्र-वैशाखात पहाटे, उजाडण्याच्याही आधी, गच्चीच्या कठड्यावरून किंवा तारेवरून एक गोड, वळणावळणाची शीळ ऐकू येते. तो दयाळ पक्षी. नर काळा-पांढरा, शेपटी उंचावलेली. विणीच्या दिवसांत तो इतके गातो आणि थंडीत असा गप्प असतो की, हाच तो पक्षी यावर विश्वास बसू नये.

थोडे ऊन वर आले की 'टुक्, टुक्, टुक्' असा एका लयीतला ठोका सुरू होतो. चिमणीहून किंचित मोठा, हिरवा, कपाळावर तांबडा टिळा आणि गळ्याशी पिवळा रंग असलेला हा तांबट. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तेथे तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोडीचे ठोके ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना या पक्ष्याचे नाव समजावून सांगावे लागत नाही. तांबट आपले घर झाडाच्या वाळक्या फांदीत पोखरून करतो. म्हणून सोसायटीत झाडांची छाटणी निघाली आणि वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्याजोगी नसली, तर तिच्यात एखादे गोल भोक आहे का, एवढे पाहून मगच कुऱ्हाड लावण्यास सांगावे.

कोकिळेबद्दल तर आपल्या भाषेनेच घोटाळा करून ठेवला आहे. 'कोकिळा गाते' असे आपण म्हणतो. वस्तुतः 'कुहू' हा सूर लाल डोळ्यांच्या काळ्याभोर नराचा असतो. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली, आणि बहुधा पानांत दडून राहिलेली. तिचे लक्ष कावळ्याच्या घरट्याकडे असते, कारण अंडी तिला तेथेच घालावयाची असतात.

चार कुंड्यांचा संसार

गॅलरीत तुळस असतेच. तिच्या शेजारी जास्वंद, लिंबू, कढीपत्ता आणि पानफुटी अशा चार कुंड्या असल्या, तर वर्षभर पाहुण्यांचा राबता राहतो.

जास्वंदीवर येणारा चिमुकला, बाकदार चोचीचा सूर्यपक्षी मध पितो, पण पिल्लांना मात्र किडे आणि कोळी भरवतो. त्याची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, गवत, झाडाची साल असे काहीबाही गुंफून लोंबते घरटे करते आणि त्याच्या दारावर छोटी पडवीसुद्धा काढते. पुष्कळदा हे घरटे गॅलरीतल्या तारेला किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीला टांगलेले आढळते. अशा वेळी घरात थोडी पंचाईत होते. पण हिशेब सोपा आहे : अंडी उबवण्यास सुमारे दोन आठवडे, पिल्ले उडण्यास आणखी सुमारे दोन. महिनाभर कपडे दुसऱ्या दोरीवर वाळत घालावेत. घरट्याला हात लावू नये, छायाचित्रासाठी अगदी जवळ जाऊ नये आणि पाहुण्यांना दाखवावयाचे असल्यास खोलीतून, काचेआडून दाखवावे. मुलांना संयम शिकवण्याचा याहून सोपा वर्ग सापडणार नाही.

कुंडीतल्या रुंद पानांच्या झाडावर शिंपी पक्षीही घर करतो. तो एका मोठ्या पानाच्या किंवा शेजारच्या दोन पानांच्या कडांना चोचीने भोके पाडतो, त्यांतून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवून पानाचा द्रोण शिवतो आणि आत मऊ अस्तर घालतो. हे शिवणकाम मादी करते. कापडाचा व्यवसाय करणाऱ्या घरांतील मंडळींनी हा टाका एकदा अवश्य पाहावा.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर मात्र आपली खरी परीक्षा असते. कोवळी पाने कुरतडलेली दिसतात, जवळ जाऊन पाहावे तर पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काहीतरी असते. ती फुलपाखराची लहान अळी. हे तिचे सोंगच तिला पक्ष्यांपासून वाचवते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि कोणी डिवचल्यास डोक्यामागून दोन फाट्यांचे, उग्र वासाचे नारिंगी शिंग बाहेर काढते. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या निळ्या-काळ्या, तळहाताएवढ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, तो नीलवंत, म्हणजेच ब्ल्यू मॉर्मन, लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतो. राज्य फुलपाखरू निवडणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. कढीपत्त्यावर त्याचेच भाऊबंद वाढतात, आणि पानफुटीच्या जाड पानांच्या आत पोखरत राहणाऱ्या अळीपासून काळे, पांढरे व तांबडे असे तीन रंगांचे एक लहान फुलपाखरू निघते.

महिन्यातून एकदा औषध फवारण्यास येणारा माळी यातले काही पाहत नाही. त्याला तसे सांगितलेलेच असते. ज्या घरात कंदमूळ चिरत नाहीत, त्या घराच्या गॅलरीत दर महिन्यास शेकडो जीव नकळत संपतात, ही विसंगती कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. ती अनोळखीपणातून आली आहे. कढीपत्त्याची चार पाने अळीने खाल्ली तर फोडणीस काही कमी पडत नाही. झाडालाही पुन्हा पालवी फुटते. आणि एखाद्या सकाळी कोषातून बाहेर आलेले फुलपाखरू ओले पंख वाळवीत बसलेले मुलांनी पाहिले, की माळ्याला काय सांगावयाचे ते मुले स्वतःच सांगतात.

उंबराचे फूल

फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण म्हणतो, 'अहो, तुम्ही तर उंबराचे फूल झालात!' कारण उंबराचे फूल कोणी पाहिलेले नसते. ते दिसत नाही, याचे कारण ते फळाच्या आत असते. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, ती वास्तविक आतल्या बाजूस शेकडो बारीक फुले असलेली एक बंद कुपी आहे. तिच्या टोकाशी एक सूक्ष्म दार असते. दोन मिलिमीटरहून फारशी मोठी नसलेली एक वेल माशी या दारातून आत शिरते. शिरताना तिचे पंख सहसा तुटून पडतात. ती दुसऱ्या उंबरावरून आणलेले पराग आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. तिच्या पिल्लांतील नरांना पंखच नसतात. मीलनानंतर ते फळाच्या भिंतीस भोक पाडून माद्यांना वाट करून देतात. माद्या अंगावर पराग घेऊन उडतात, आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना दुसरे उंबर शोधावे लागते. वड, पिंपळ, उंबर यांतील साधारणपणे प्रत्येक जातीची अशी स्वतःची वेगळी माशी असते. माशी नाही तर बी नाही. झाड नाही तर माशी नाही.

आपल्या श्रावकाचारात वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर ही पंच उदुंबर फळे वर्ज्य सांगितली आहेत, कारण त्यांत त्रस जीव असतात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात कोणीतरी ही फळे उघडून, निरखून पाहिली होती, आणि पाहिल्यावर ती न खाण्याचे ठरविले होते. या नियमाच्या मुळाशी निरीक्षण आहे. आपण नियम सांभाळला. निरीक्षण मात्र मागे पडले.

त्याचा परिणाम असा की, ज्या फळाला आतल्या जिवांपायी आपण तोंड लावत नाही, ते झाड तोडण्यास मात्र आपली ना नसते. सोसायटीच्या कुंपणाशी आपोआप उगवलेले उंबर दहा-बारा वर्षांत मोठे होते. फळे पिकून वाहनांवर पडतात, माश्या घोंघावतात, रात्री वटवाघळे येतात. मग वार्षिक सभेत ठराव येतो. तक्रार खोटी नसते. चिकट फळे रोज झाडणाऱ्याला त्रास होतोच, आणि भिंतीच्या फटीत रुजलेले रोप वेळीच काढून मोकळ्या जमिनीत लावणे इमारतीच्या हिताचे असते. पण जमिनीत भक्कम उभ्या असलेल्या उंबराचा निर्णय घेण्याआधी सभासदांनी फळांच्या हंगामातील एक सकाळ त्याच्याखाली घालवावी. तांबट, बुलबुल, कोकीळ, मैना तेथे असतातच. नशीब असेल तर पानांत पाने होऊन बसलेला, पिवळ्या पायांचा हरियालही दिसतो. हा आपला राज्य पक्षी. त्याचे बहुतेक जेवण याच कुळातील झाडांवर चालते. उंबर वर्षातून अनेकदा फळते, त्यामुळे इतर झाडे रिकामी असतानाही येथे पंगत चालू असते.

शहरी भागात झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे खरे. पण परवानगी मिळते की नाही हा नंतरचा प्रश्न. वाहने चार हात सरकवून आणि केवळ रस्त्यावर आलेल्या फांद्या विणीचा काळ टाळून छाटून भागत असेल, तर सभेने तोच ठराव करावा. एक उंबर राखणे म्हणजे एक कायमचे सदावर्त चालवणे होय, आणि त्यास देणगीची पावती फाडावी लागत नाही.

दाणे कोणासाठी?

सदावर्ताचा विषय निघाला म्हणून एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतील कबुतरखान्यांवरून वाद झाला, आणि आपल्यातील अनेकांची मने दुखावली. पक्ष्यांसाठी मूठभर ज्वारी टाकणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्यभावना. तिच्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १८३४ साली मुंबईत पांजरपोळ उभी राहिली, दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचा धर्मादाय दवाखाना चालतो, तो याच भावनेतून. परंतु पक्ष्यांची ओळख झाली की दाण्यांचा हिशेबही नव्याने मांडावासा वाटतो.

पारवा मुळात कडेकपारीचा पक्षी. उंच इमारतींचे सज्जे त्याला कड्यांसारखेच वाटतात. तो पिल्लांना स्वतःच्या घशातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतो. त्यामुळे दाणे मिळत राहिले तर तो वर्षाचे बाराही महिने वीण करू शकतो. चिमणीचे तसे नाही. चिमणी दाणे खात असली, तरी तिच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत मऊ किडे-अळ्याच लागतात. सूर्यपक्षी, शिंपी आणि दयाळ तर दाण्यांकडे फिरकतही नाहीत. म्हणजे आपण 'पक्ष्यांसाठी' म्हणून टाकलेली मूठ बहुतेक एकाच पक्ष्याला पोहोचते. त्याची संख्या वाढते, आणि दाटीने राहणाऱ्या पारव्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना गंभीर विकार होतो, हेही वैद्यकाने दाखवून दिलेले आहे. पारव्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. दयेचा हात थोडा रुंद करावा, एवढेच.

तो कसा करावा? मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावे. पाण्याला सगळेच येतात. ते रोज सकाळी बदलावे आणि परळ घासावा. पाणी साचून राहिले नाही तर डासांची उत्पत्ती होत नाही, आणि उत्पत्ती झाल्यावर फवारणी करण्याचा प्रसंगही टळतो. चिमणीसाठी सावलीत, भिंतीला उंचावर, सुमारे तीन सेंटिमीटर व्यासाचे दार असलेली लाकडी पेटी लावावी. वाड्यांच्या वाशांत, कौलांखाली, तसबिरींमागे तिला जी जागा सहज मिळे, ती काचेच्या आणि काँक्रीटच्या गुळगुळीत घरांत उरलेली नाही. नाशिकचे महंमद दिलावर यांनी चिमणीसाठी केलेल्या कामातून २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. भुसार पेठेत, गोणीतून सांडलेल्या धान्याभोवती चिमण्यांची लगबग पाहत आपले आजोबा-पणजोबा गादीवर बसत. त्या चिमणीचे व्यापाऱ्याच्या घराशी नाते जुने आहे. तिला आज दाण्याहून जास्त गरज घराची आणि किड्यांची आहे, म्हणजेच फवारा न मारलेल्या चार झाडांची.

घरातले आणि दुकानातले

काही शेजारी तर उंबरठ्याच्या आतच राहतात. गोदामात भिंतीच्या कडेने चूं-चूं करीत पळणारी चिचुंदरी उंदीर नव्हे. लांब नाकाचा, वेगळ्याच कुळातला हा प्राणी असून त्याचा मुख्य आहार झुरळे आणि किडे. तिचा आवाज नाण्यांच्या खुळखुळाटासारखा वाटतो म्हणून चीनमध्ये तिला पैशांचा उंदीर म्हणतात! जुन्या इमारतींच्या छज्जाखाली पिसे आणि काड्या थुंकीने चिकटवून घरटी करणाऱ्या पाकोळ्या सायंकाळी टोळीने चीत्कारत घिरट्या घालतात. त्यांचे पाय इतके आखूड की तारेवर किंवा फांदीवर त्यांना बसताच येत नाही. उभ्या भिंतीला धरून लटकणे तेवढे जमते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या आपल्या घरांना ही वेळ मोकळी सापडते. हातावर पाणी पडले की दहा मिनिटे गच्चीवर जावे. पाकोळ्या परततात त्याच सुमारास लहान वटवाघळे बाहेर पडतात, आणि आकाशातल्या पहाऱ्याची पाळी बदलते.

चातुर्मास ते दिवाळी

पावसाळ्यात जमिनीवर जीव वाढतात म्हणून साधू-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. आपणही त्या चार महिन्यांत थोडे थांबावे आणि पाहावे. गोगलगायी कुंडीच्या काठावरून चालतात, गांडुळे वर येतात, शेवाळाच्या हिरव्या गालिच्यात बोटभर जंगल उभे राहते. पाठशाळेत पाठ केलेले दोन, तीन, चार इंद्रियांचे जीव एका कुंडीत एकत्र भेटतात. पाऊस सरता सरता उत्तरेकडचे पाहुणे येऊ लागतात. गच्चीवर शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु चालणारा करडा धोबी हिमालयातून किंवा त्याही पलीकडून आलेला असतो. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून येतात आणि सावर-पळस फुलले की त्यांवर गर्दी करतात.

यासाठी विद्वान असावे लागत नाही. सालिम अली यांच्या आरंभीच्या नावाजलेल्या कामांपैकी एक सुगरण पक्ष्यावरचे होते, आणि ते त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथील घराच्या आसपास केले. आपल्या सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी मराठीला पक्ष्यांची नावे पुन्हा मिळवून दिली. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला काळ महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, आणि तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. नव्या वर्षाची कीर्द-खतावणी मांडली जाते. रोजचा व्यवहार रोज, खाडाखोड न करता लिहिण्याची शिस्त व्यापारी घराला कोणी शिकवावी लागत नाही. त्या वह्यांबरोबर या वर्षी एक लहान वही आणखी ठेवावी. तिच्यात घरातल्या कोणीही, आजीने, सुनेने वा नातवाने, एका ओळीत नोंद करावी : 'कार्तिक शुद्ध पंचमी. गच्चीवर धोबी. एकटा.' 'फाल्गुन. कुंपणाजवळच्या उंबरावर हरियाल, सहा.' 'वैशाख. पहाटे पाच वाजता दयाळ.' नाव ठाऊक नसेल तर रंग लिहावा, झाड लिहावे, वेळ लिहावी. नाव मागाहून सापडते.

पुढच्या दिवाळीस वर्षाची बाकी काढताना ही वहीही उघडावी. कोण आले, कोण आले नाही, कोणते झाड गेले, याचा ताळेबंद तीत असेल. सोसायटीच्या सभेत उंबराचा विषय निघाला, तर तो सभेपुढे ठेवता येईल.